चांदीला न वाजणारी दोन यंत्रं

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठेतरी कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. कुवेतमध्ये सालमियाच्या एका दवाखान्यात मी लोकांचे कान तपासतो. डॉक्टर नव्हे, टेक्निशियन. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक-जाड आवाज एकेक करून सोडायचे आणि कुठला ऐकू आला, कुठला नाही, याचा आलेख काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. अठ्ठावीस वर्षं हेच केलंय. कुवेती म्हातारे, इजिप्तचे मिसरी मास्तर, आपल्याकडचे ड्रायव्हर, सगळ्यांचे कान या हाताखालून गेलेत. त्यामुळे आवाजाच्या बाबतीत मला कोणी अक्कल शिकवायला आलं, की माझं डोकं फिरतं.

शिकवायला आला तो माझा मालवणी मित्र. तो एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो, फिंतासला समुद्राला लागून राहतो आणि दर थंडीत त्याला नवा छंद लागतो. एका वर्षी सायकल झाली, एका वर्षी घरी पाव भाजून झाले, ते पाव आम्हालाही खावे लागले. गेल्या थंडीत त्याने मेटल डिटेक्टर आणला. लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटाएवढी तबकडी, वर मुठीपाशी छोटा पडदा. तबकडी वाळूवरून झाडू मारल्यासारखी फिरवायची, खाली धातू असला की यंत्र वाजतं, मग गुडघ्यावर बसून उकरायचं. वाळवंटात मात्र कुठेही खणायचं नाही, लढाईतलं काय काय अजून पुरलेलं असेल सांगता येत नाही. त्यामुळे आमचं राज्य फिंतासच्या किनाऱ्यापुरतंच.

"अरे मेल्या, लोक पाण्यात उतरतात, बोटं आकसतात, अंगठ्या गळतात. नुसतं वेचायचं!" तो मला म्हणाला.

मी आठ दिवसांत माझं यंत्र आणलं. त्याचंच आणलं असतं तर जन्मभर त्याचं ऐकून घ्यावं लागलं असतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणलं. ते बघून आमची ही म्हणाली, "दोघांत एक पुरलं नसतं का?" हा प्रश्न बायकाच विचारू शकतात.

आता या यंत्रांची गंमत सांगतो, कारण पुढचा सगळा तमाशा तिथूनच झाला. स्वस्तातलं यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं. आमची दोन्ही जरा वरच्या दर्जाची. त्यांत फ्रिक्वेन्सी निवडायची सोय. खालची लावली की चांदी, तांबं, जाड नाणी खोलवर असली तरी सापडतात. वरची लावली की सोन्याची बारीक साखळी, कानातल्याचं मळसूत्र असला नाजूक ऐवज हाती लागतो. माझ्या यंत्रात पाच, दहा, पंधरा आणि वीस किलोहर्ट्झ, अशा चार. त्याच्यात सहा, बारा आणि अठरा, अशा तीन. चारपेक्षा तीन कमी, हे शेंबड्या पोराला कळतं. पण मालवणी माणूस कबूल करेल तर शपथ!

"चार घेऊन काय लोणचं घालणार?" तो म्हणायचा. "माझं यंत्र जड आहे, स्थिर राहतं. तुझं म्हणजे वाऱ्यावर डोलतंय."

डोलायचं, हे खरं. माझं इतकं हलकं की दोन तास फिरवलं तरी हात दुखत नसे. त्याच्या यंत्राने दंड भरून यायचे. कोरड्या वाळूत वीसवर माझं यंत्र तांदळाच्या दाण्याएवढं सोनंसुद्धा धरायचं. एकदा कानातल्याची मागची फिरकी सापडली, त्याच जागेवरून तो अठरा लावून दोनदा फिरून गेला होता. मी ती फिरकी त्याला आठवडाभर दाखवत होतो. उलट ओल्या वाळूत खारट पाण्यामुळे माझं यंत्र वीसवर वेड लागल्यासारखं बडबडायचं, आणि त्याचं शहाण्या मुलासारखं गप्प बसून नेमकं कामाचं तेवढं बोलायचं. हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं. आता करतो.

राहिला आवाज. यंत्र जमिनीत जी फ्रिक्वेन्सी सोडतं ती वेगळी, आणि स्पीकरमधून आपल्याला जो सूर ऐकवतं तो वेगळा. लोखंडाला घोगरा, सोन्याला आणि साध्या नाण्यांना मधला, चांदीला उंच. सूर किती उंच ठेवायचा, ते आपल्या हातात असतं. कंपनीने चांदीला दिलेला सूर मला गावठी वाटला. मधल्या सुराच्या फार जवळचा. मी पडद्यावरचा आकडा बघत दोन्ही यंत्रांतला चांदीचा सूर पार वर, जाईल तितका वर नेऊन ठेवला. मित्र म्हणाला, "इतका बारीक कशाला? डासासारखा वाजतोय."

"तयार कानाला दोन सुरांत अंतर लागतं," मी म्हणालो. "ते तुला कळायचं नाही."

कानाच्या विषयात तो मला मान द्यायचा.

दर शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर. बाटल्यांची बुचं, तंबूचे खिळे, कबाब भाजायच्या सळया, हे दोघांनाही भरपूर. येणारे-जाणारे कुवेती म्हातारे थांबून विचारायचे, "फी दहब?" म्हणजे सोनं आहे का. आम्ही बुचं दाखवायचो, ते हसत पुढे जायचे. सोन्याचं थोडंफार मला मिळायचं. पण चांदी? चार महिन्यांत एक तुकडा नाही! मित्राला मात्र चांदीची अंगठी सापडली, लहान मुलाचा वाळा सापडला, जपमाळेच्या गोंड्याची चांदीची टोपी सापडली. सापडलेलं सगळं तो किनाऱ्यावरच्या चौकीदाराकडे नेऊन द्यायचा, आणि जाता जाता मला दाखवायचा. त्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं असायचं.

मला आधी वाटलं, माझ्या यंत्राची खालची फ्रिक्वेन्सी बोगस आहे. म्हणून एका शुक्रवारी यंत्रं बदलून घेतली. त्याच्या यंत्रावरही मला चांदी नाही, आणि माझ्या यंत्रावर त्याला चांदीचं पैंजण! मी घरी येऊन वहीत दोन रकाने आखले. वजन, बॅटरी, कोरडी वाळू, ओली वाळू, सोनं, लोखंड. शेवटी लिहिलं: चांदी, दोन्ही यंत्रं नापास, मित्राला मिळते ती नशिबाने. मग हेच सगळं नीट मजकूर करून आमच्या कुवेतमधल्या मराठी मंडळींच्या मोबाईल ग्रुपवर टाकलं. खाली सही केल्यासारखं लिहिलं, 'अठ्ठावीस वर्षांच्या ध्वनिविषयक अनुभवातून'. अकरा जणांनी अंगठे दाखवले. मला फार बरं वाटलं.

त्या दिवसांत माझं बऱ्याच गोष्टींशी भांडण चालू होतं. दवाखान्यात रोज सकाळी पहिलं काम म्हणजे हेडफोन स्वतःच्या कानाला लावून सगळे सूर नीट येतात ना ते बघायचं. हेडफोनचे वरचे सूर मेले होते. मी कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं, तो घेऊन गेला, 'दोष नाही' म्हणून परत आणून दिला. मी पुन्हा पाठवला. पुन्हा 'दोष नाही'. मी त्या पोराला असा झापला की बिचारा चहा अर्धा टाकून पळाला. शेवटी वैतागून सकाळची तपासणी मी माझ्या हाताखालच्या केरळी सिस्टरवर ढकलली. तिला सगळे सूर यायचे. म्हटलं, हिला घाई असते, ही नुसती खुणा करते.

घरी वेगळंच. आमची ही पुटपुटायला लागली होती. स्वयंपाकघरातून काहीतरी बोलायची, मी "काय?" म्हणायचो, की एकदम ओरडायची. मी म्हणायचो, "अगं, ओरडतेस काय? मी काय बहिरा आहे?" वय झालं की आवाजातली धार जाते, शब्द स्पष्ट येत नाहीत, असं मी तिला शास्त्र धरून समजावून सांगितलं. गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. तिने चार दिवस केल्यासुद्धा! पुढे पुढे तिने बोलणंच कमी केलं. संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसायचो, समोर रस्ता बघत चहा प्यायचो आणि उठायचो. मुलगी बाहेर शिकायला गेलेली, घरात आम्ही दोघंच. मला वाटलं, वा, काय शांतता आहे. मला, खरं सांगतो, ती आवडत होती.

तर माझा तो मजकूर वाचून मित्र भडकला. त्याच्या यंत्राला चांदीत नापास करणं त्याला झोंबलं. म्हणाला, "लेखी नको, मैदानात ये. पुरून बघू."

मी म्हटलं, "ये. पण माझ्या अटीवर." अट अशी की दोन्ही यंत्रांच्या पडद्यावर पट्टी चिकटवायची. पडद्यावर धातूचा आकडा दिसतो, तो बघून शोधणं म्हणजे कॉपी करणं. खरा शोधणारा कानाने शोधतो. त्यात मला हरवणारा कुवेतमध्ये कोणी नाही, हे मी मनात म्हणालो. मनात कसलं, त्याला तोंडावरच म्हणालो.

फेब्रुवारीतला शुक्रवार. सकाळी नऊला आम्ही चौघं फिंतासच्या किनाऱ्यावर. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, आंबोळ्या आणि चहाचा थर्मास आणला होता. दवाखान्यातली चिकटपट्टी मी आणली होती. दोन्ही पडदे माझ्या हाताने बंद केले. कोरड्या वाळूत गॅलरीएवढा चौकोन आखला. पुरायला माझी सोन्याची अंगठी, शंभर फिल्सचं नाणं, बाटलीचं बूच आणि एक खिळा. चांदी मात्र कोणाकडेच नव्हती. मित्राची दिवाळीची लक्ष्मीची नाणी मालवणला कपाटात.

"वहिनी, तुमची जोडवी?" मित्राने आमच्या हिला विचारलं.

वाळूत अनवाणी चालताना रुततात म्हणून तिने ती काढून पर्समध्ये ठेवली होती. तिच्या आईने साताऱ्याच्या सोनाराकडून मुद्दाम जड घडवून घेतलेली जोडवी. आई आता नाही. हिने पर्स छातीशी धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, दे की," मी म्हणालो. "तासाभरात परत. माझी जबाबदारी."

"तुमची?" ती म्हणाली. निदान तसं काहीतरी म्हणाली. पण पर्स उघडली, जोडवी दोऱ्याने एकत्र बांधली आणि म्हणाली, हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं, "हरवली तर मी आयुष्यात पुन्हा या किनाऱ्यावर यायची नाही. तुमच्यासोबत तर नाहीच नाही."

आम्ही पाठ फिरवली, दोघींनी पाच वस्तू पुरल्या, वर वाळू सारखी केली. पहिली पाळी माझी, दोन्ही यंत्रांवर. परीक्षक मीच होतो. मित्राला मी लांब पायऱ्यांवर बसवला, त्याला आधीच ठिकाणं कळू नयेत म्हणून. बायका आंबोळ्या काढायला त्याच्याकडे गेल्या.

पाच मिनिटांत खिळा. घोगरा आवाज, उकरला, खिशात. मग बूच. मग नाणं, मग माझी अंगठी, वीस किलोहर्ट्झवर तर लांबूनच बोलली. मी कॉलर ताठ केली. आता चांदी. माझं यंत्र पाचवर आणलं. चौकोनाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळी धरून फिरलो. काही नाही. दहावर फिरलो, पंधरावर फिरलो. मग त्याचं यंत्र घेतलं, सहावर, बारावर, अठरावर. घाम फुटला. फेब्रुवारीचा वारा, समोर समुद्राची गाज, आणि माझा शर्ट पाठीला चिकटलेला. फिरून फिरून चौकोनाच्या रेघा माझ्याच पायांनी पुसून टाकल्या. आता चौकोन कुठे होता, हेही सांगता येईना.

अर्ध्या तासाने ही आली. हातात माझ्यासाठी ताटली.

"द्या माझी जोडवी."

मी शास्त्रीय भाषेत सुरुवात केली. म्हटलं, "हे बघ, माझं लिहिलेलं खरं ठरलं. दोन्ही यंत्रं चांदीला वाजत नाहीत. कंपन्यांची लबाडी आहे."

"म्हणजे हरवली?"

"हरवली कुठे? वाळूतच आहेत."

तिने ताटली खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले. ही रडायला लागली की मला राग येतो. कारण तेव्हा नेमकं काय करायचं ते मला कधीच कळलेलं नाही. मी पुन्हा माझं यंत्र उचललं आणि तिला दाखवायला म्हणून तावातावाने फिरवायला लागलो. "बघ! बघ, कुठे वाजतंय? काय चूक आहे माझी? बघ!"

"अहो, वाजतंय."

"कुठे?"

"आत्ता. आत्ता वाजलं. परत वाजलं!"

मी थांबलो. तबकडी मागे आणली. कान टवकारले. समुद्र, वारा, लांब कुठेतरी गाडीचा हॉर्न. यंत्र मुकं.

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हणालो.

तोवर मित्र आणि वहिनी धावत आले होते. मित्र दहा पावलांवरूनच ओरडला, "अरे, वाजतंय ना! थांब तिथेच, हलू नको!"

माझा पारा चढला. मला वाटलं, तिघांनी मिळून माझी टिंगल चालवलीय. मी म्हणालो, "मला शिकवता? मला? अठ्ठावीस वर्षं मी..." आणि तबकडी जोरजोरात फिरवत सुटलो. मी फिरवत होतो आणि ती तिघं दर फेरीला एकाच जागेवर मान हलवत होती. एकाच वेळी. तीन माणसं एकमेकांकडे न बघता एकाच वेळी मान हलवतात, तेव्हा ते नाटक नसतं. हे मला माझ्या धंद्यातून माहीत आहे. काचेच्या पलीकडे बसून मी माणसांच्या माना आणि बोटंच बघत आलोय.

हिने माझं मनगट धरलं, तबकडी स्थिर केली, खाली बसून हाताने वाळू उकरली. वीतभर खोल दोरा लागला. मग जोडवी.

ही जोडवी मुठीत धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मग हळूच माझ्या मागे गेली. मी समोर मित्राकडे बघत होतो. मित्राचा चेहरा एकदम बदलला, वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी विचारलं, "काय झालं?" वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तिने मागून दोनदा हाक मारली तुम्हाला."

मी वळलो. आमची ही वाळूत बसली होती आणि हसत होती. साधं नाही, पोट धरून. डोळ्यांतून पाणी, खांदे हलतायत, मध्येच "देवा, देवा" म्हणते आणि पुन्हा हसते. मला असा संताप आला म्हणून सांगू! माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण, आणि बायको हसते? हेडफोन, इंजिनिअर, सिस्टर, गुळण्या, सगळं एका फटक्यात डोक्यात येऊन आदळलं होतं. आणि ही हसते! मी दोन्ही पडद्यांवरच्या पट्ट्या टराटरा फाडल्या, यंत्र गाडीत टाकलं आणि फिंतासपासून सालमियापर्यंत तिच्याशी एक शब्द बोललो नाही. आंबोळ्या तिथेच राहिल्या.

शनिवारी मित्राचा फोन आला. नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता. म्हणाला, "रे, राग मानू नको. यंत्राचा सूर थोडा खाली आण, बस. तुझं यंत्र चांदीला माझ्याइतकंच चांगलं आहे." चांगल्या माणसाने असं समजुतीने बोललेलं माझ्याने सहन होत नाही. मी म्हटलं, "बरं." ग्रुपवरचा मजकूर काढून टाकला. अकरा अंगठे गेले.

रविवारी दवाखाना सुटायच्या वेळेला मी सिस्टरला म्हटलं, "माझे कान तपास." ही सोबत आली होती, मी नको म्हणत असतानाही आली होती. मी काचेच्या खोलीत जाऊन बसलो. त्या खुर्चीची उशी इतकी टणक आहे, हे मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं. सिस्टरने हेडफोन लावले, हातात बटण दिलं आणि म्हणाली, "सर, आवाज़ आए तो बटन दबाइए." मला! पण मी मुकाट्याने मान हलवली.

जाड सूर आले, मी धडाधड बटण दाबलं. मधले आले, दाबलं. मग सगळं गप्प झालं. मी काचेतून तिच्या हाताकडे बघायला लागलो. किती सेकंदांनी पुढचा सूर सोडायचा ते मीच तिला शिकवलं होतं. मनात मोजलं आणि दाबलं. परत मोजलं, परत दाबलं. सिस्टर माईकमध्ये म्हणाली, "सर, अभी तो मैंने कुछ दिया ही नहीं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक असं करतात तेव्हा मी त्यांच्यावर कसा खेकसतो, ते आठवलं.

पुढची तपासणी शब्दांची. पलीकडून शब्द म्हणायचे, आतल्या माणसाने जे ऐकू आलं ते परत म्हणून दाखवायचं. बरोबर आलं तर खूण, नाही तर फुली. मराठी लोकांसाठीची यादी दवाखान्यात मीच बनवलेली आहे. सिस्टरने रेकॉर्डिंग लावलं, आवाजही माझाच. मी सगळे शब्द घडाघडा म्हणून दाखवले. चार तर यायच्या आधीच म्हटले.

"सर, ये नहीं चलेगा," सिस्टर म्हणाली आणि तिने हिला माईकसमोर बसवलं. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर फाईल धरायला दिली. म्हणाली, "मॅडम, घर के कुछ भी शब्द बोलिए."

ही सुरुवातीला लाजली. मग म्हणाली, "मेथी." मी म्हटलं, मेथी. "परात." परात. मग दोन-तीन शब्द मला आले नाहीत, मी ठोकून दिलं ते चुकलं असावं, कारण सिस्टरचं पेन आडवं-तिडवं फिरलं. मग ही थांबली. मग फाईल हलायला लागली, काहीतरी बोलत असावी. मला काही ऐकू येत नव्हतं. मी बोट वर करून खूण केली, आवाज वाढव. सिस्टरने बटण फिरवलं.

आणि एकदम माझ्या दोन्ही कानांत, मधोमध, माझी बायको बोलली. ओरडत नव्हती. पुटपुटत नव्हती. दोन वर्षांत मी तिचा इतका स्वच्छ आवाज ऐकला नव्हता.

"मला वाटत होतं, तुम्ही मला कंटाळलात. गॅलरीत मी बोलायचे, तुम्ही रस्त्याकडे बघत बसायचात. मला वाटलं, आता यांना आपल्याशी बोलायचंच नाही. म्हणून मीच बंद केलं. परवा वाळूत कळलं, नुसता कान गेलाय. मला इतकं बरं वाटलं, की हसूच आवरेना. चिडू नका."

काचेपलीकडे फाईल तशीच तोंडासमोर होती. वर फक्त तिचं कपाळ आणि डोळे दिसत होते. सिस्टरला मराठी कळत नाही. ती पेन सरसावून माझ्याकडे बघत होती.

"सर, रिपीट कीजिए."

चिडायला मला नेहमी शब्द मिळतात, ढीगभर मिळतात. त्या वेळी एकही मिळाला नाही.

"सर? जो सुनाई दिया, वो बोलिए."

मी बोललो नाही. सिस्टरने थोडा वेळ वाट बघितली, मग फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून त्या वाक्यापुढे फुली मारली. तो कागद डॉक्टरांच्या फाईलला लागला, त्यावरूनच माझी कानातली यंत्रं ठरली, आणि त्या कागदावर तेवढी एक फुली चुकीची आहे. मी ती दुरुस्त करून घेतलेली नाही.